नूतनचा पाय

वैशाली नगर, भिलाई
७ जानेवारी २०२४

नूतन,

हे पत्र पालथं पडून लिहितो आहे, छातीखाली उशी घेऊन. म्हणून ओळी उताराला लागल्या आहेत. बसून लिहिता येत नाही. बसलो की डाव्या कुल्ल्यात कोणी तापलेली सळई खुपसावी तसं होतं, आणि ती सळई मांडीच्या बाहेरून पोटरीत, पोटरीतून थेट अंगठ्यापर्यंत उतरते. खोकलं तरी तेच. शिंक आली तर नाक दाबून धरतो. याला सायटिका म्हणतात. नाव किती गोड आहे बघ. एखाद्या विलायती फुलाचं असावं तसं.

तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून पत्र. सहा वर्षांतलं पहिलंच.

दिवाळीच्या आधी तुझ्या आईची लोखंडी पेटी पलंगाखालून ओढायला गेलो, तेव्हा कंबरेत कट्कन वाजलं. आठ दिवसांत बरं होईल म्हटलं. दोन महिने झाले. तुमसरच्या शाळेत आमचे मास्तर कविता शिकवताना टेबलावर ताल धरायचे. लघूला एक बोट, गुरूला मूठ. हा ठणका तसाच येतो. दोन बोटं, एक मूठ. दोन बोटं, एक मूठ. दिवसभर माझ्या पायात कवितेचा तास चालू असतो आणि घंटा काही होत नाही.

आता मुद्द्याचं लिहितो. तू पायाळू. आईच्या पोटातून डोकं नाही, पाय आधी आले तुझे. सेक्टर पाचच्या क्वार्टरमध्ये रविवारी सकाळी आपल्या दारात किती माणसं यायची, आठवतं? कोणाची पाठ धरलेली, कोणाच्या कंबरेत उसण भरलेली. सतरंजीवर पालथे झोपायचे. तू सहा वर्षांची, पिवळा फ्रॉक, एक हात भिंतीला. उजवा पाय पाठीवर तीनदा दाबायचीस आणि पळत आत जायचीस. माणसं हसत उठायची. रेल मिलमध्ये माझी ओळख ‘देवराव, त्या पायाळू पोरीचे बाप’ अशी होती. मला कोणी त्यापेक्षा मोठी पदवी दिली नाही.

एक दिवस ये. वर्ध्याहून सकाळच्या गाडीनं दुपारी इथं, संध्याकाळी परत. माझ्याशी बोलू नकोस, चहाही घेऊ नकोस. फक्त पाय दे.

आईच्या तेरवीच्या दिवशी तू जेवणाच्या ताटावरून उठून का गेलीस, ते मला अजून समजलेलं नाही. पण मी ते मनात ठेवलेलं नाही.

तुझा बाबा


वैशाली नगर
१९ जानेवारी

नूतन,

पोस्टमन या गल्लीत येतो तेव्हा त्याच्या सायकलची चेन वाजते. बारा दिवस ती चेन ऐकतो आहे.

शेजारच्या मनकर्णाबाईंनी ओढत डॉक्टरकडे नेलं. आईची मैत्रीण ती, माझं ऐकते थोडीच. रिक्षात मी मागच्या सीटवर आडवा आणि ती पुढे ड्रायव्हरच्या बाजूला. सुपेल्याच्या चौकात खड्डा आला, मी ओरडलो, तर ही मागं वळून म्हणते, “ओरडा, ओरडा. बायका बाळंतपणात याच्या दुप्पट ओरडतात अन् आठव्या दिवशी भाकरी थापतात.”

डॉक्टर तरुण आहे. फोटो काढला, मशीनच्या बोगद्यात घालून. मग मला मणक्याचं प्लास्टिकचं मॉडेल दाखवलं. दोन मणक्यांच्या मध्ये चकती असते, गादीसारखी. माझी एक गादी फुटून तिचा गर मागे आला आहे आणि पायात उतरणाऱ्या शिरेवर बसला आहे. दुखणं कंबरेचं, ओरडतो पाय. मी विचारलं, शीर कापावी लागेल का? तो हसला. म्हणाला, “चाचाजी, ज़्यादातर लोग बिना ऑपरेशन के ठीक हो जाते हैं. पर लेटे मत रहिए.” थोडं थोडं चालायचं, वाकून काही उचलायचं नाही, एका जागी फार बसायचं नाही, गोळ्या घ्यायच्या, आणि कागदावर काढलेले पाच व्यायाम रोज करायचे. सहा-आठ आठवडे.

शेवटी त्याने मनकर्णाबाईंकडे बघून तीन गोष्टी बजावल्या. पाऊल लुळं पडलं, किंवा बसायची जागा बधिर झाली, किंवा लघवी अडली, तर दिवस-वार बघायचा नाही, त्याच घडीला यायचं.

रेल मिलमध्ये एकतीस वर्षं मी वाकण्याचंच काम केलं. थंड झालेला रूळ यायचा, मी कंबरेत वाकून एका डोळ्यानं त्याच्या अंगावरून नजर टाकायचो. कुठं केसभर बाक असेल तर खडूची खूण करायची, मग प्रेस तिथं दाबायचा. दिवसाला किती वेळा वाकलो असेन. माझ्या बाकावर खूण करायला कोणी नव्हतं. असो. पुन्हा कवितेत शिरलो.

मी लाकडी फळीवर पडून आहे. आपल्याकडे कंबर धरली की फळीच. डॉक्टरला हे सांगितलेलं नाही.

तेरवीचं मागच्या पत्रात लिहिलं ते पुरं खरं नाही. तुझ्या मामांची पाठ धरली होती आणि मी पंगतीत सगळ्यांसमोर म्हणालो, “नूतन आहे ना, जेवण झालं की पाय देईल.” तू अडतीस वर्षांची, आई जाऊन तेरा दिवस झालेले. तू ताट सरकवलंस, चपला घातल्यास. मी मागून हाक मारली ती जोरात नव्हती. पाहुण्यांना काय वाटेल म्हणून.

माझं चुकलं असेल. पण पाठीवर पाय देणं यात एवढं काय होतं, पोरी?

ये. मला आता उभं राहून दाढीही करता येत नाही.

बाबा


वैशाली नगर
२ फेब्रुवारी

नूतन,

आता यायची तसदी घेऊ नकोस. तुझ्या पायांवाचून काम झालं.

परवा दुखणं सहन झालं नाही. उशी दातात धरून रडलो. मनकर्णाबाईंना म्हटलं, पायाळू कोणी शोधा, नाहीतर मला रुळावर नेऊन ठेवा. त्यांनी कोहक्यातून रुक्मा नावाच्या बाईला आणलं. साठीची, अंगानं भक्कम, इकडच्याच गावातली, छत्तीसगढीत बोलणारी. तिनं नारळ, तांदूळ काही मागितलं नाही. मनकर्णाबाई आयत्या वेळी कचरल्या. “भाऊ, डॉक्टरनं पाठीवर दाबा म्हणून सांगतलं होतं का?” मी म्हटलं, “डॉक्टरले काय समजते पायाळूचं!”

रुक्मानं तीनदा पाय दिला. तिसऱ्यांदा सगळा भार दिला. डोळ्यांपुढे पांढरं झालं. नंतर दोन तास पायात विजा. आणि काल सकाळी जाग आली तर, नूतन, ठणका नाही! मी पडल्या पडल्या वाट पाहिली. दोन बोटं, एक मूठ, काहीच नाही. तीन महिन्यांनी माझा पाय गप्प झाला. मी उठून खिडकीपाशी गेलो आणि दोन ओळी मनात आल्या:

वेदने, तू गेलीस तेव्हा दार मी नाही लोटले,
रिकाम्या या घरात आता पाऊल माझे वाजले.

मात्रा जमल्या नाहीत, पण तुला लिहाव्याशा वाटल्या. लहानपणी तू माझ्या कविता पाठ करायचीस.

एवढंच की डाव्या पायातली चप्पल राहत नाही. चालता चालता मागेच सुटते आणि मला ते दोन पावलं गेल्यावर समजतं. मनकर्णाबाई म्हणतात पाऊल फरशीला घासतं. इतके दिवस पडून होतो, अशक्तपणा असणारच. अंगठ्याला जरा मुंग्या आहेत.

तेव्हा आता माझी काळजी नसावी. तुला होती असंही नाही.

देवराव


दवाखान्यातून, भिलाई
९ फेब्रुवारी, सकाळी

नूतन,

मले भीती वाटून राहिली. हे शुद्ध लिहायला वेळ नाही.

काल तुझा फोन आल्यानंतर काय झालं ते तुला मनकर्णाबाईंनी सांगितलंच असेल. पण मी जे खोटं बोललो ते माझ्या हातानं दुरुस्त करतो.

त्या स्वयंपाकघरातूनच ओरडत आल्या, “भाऊ, नूतन!” मी फोन धरला. तू म्हणालीस, “बाबा.” मी सुरू केलं, “पोरी, सहा वर्षांनी तुझा आवाज म्हणजे...”

“कविता नको. विचारते तेवढंच सांगा. डावं पाऊल वर उचलता येते?”

“येते ना.”

“बसायच्या जागी हात लावला तर समजते?”

“हे काय विचारणं झालं, नूतन? मी बाप आहे तुझा.”

“लघवी होते?”

“होते. वयाच्या मानानं...”

तेवढ्यात मनकर्णाबाईंनी फोन हिसकला. “काही होत नाही! सारं खोटं बोलून राहिले तुये बाबा. सकाळपासून तीनदा मोरीत उभे राहून तसेच वापस आले. पाऊल तर घोरपडीवानी घासत चालतात.” मग तुझं ऐकलं त्यांनी. चेहरा उतरला त्यांचा. फोन कानाला तसाच ठेवून त्या रिक्षा बोलवायला पळाल्या.

माझं चप्पल सुटल्याचं पत्र तू तिथल्या डॉक्टरला दाखवलंस, असं त्या रिक्षात म्हणाल्या. मी ते पत्र तुला टोचावं म्हणून लिहिलं होतं. आणि तू ते घेऊन डॉक्टरकडे गेलीस.

खरं हे आहे. पाऊल तीस-एकतीस तारखेलाच हलकं वाटत होतं, पाय दिल्यावर तर पुरतं लुळं पडलं. परवापासून बसलो की खाली पाट आहे की गादी ते कळत नाही. काल इथं नळी घातली तेव्हा एक लिटरच्या वर निघालं आणि मला भरल्याचंही जाणवलं नव्हतं. डॉक्टर रागावले नाहीत, त्यानं जास्त लाज वाटली. म्हणाले, दुखणं थांबलं म्हणजे शीर मोकळी झाली असं नाही. ती दबून दबून मुकी पडत होती. मी त्या मुकेपणाला बरं होणं समजलो. खिडकीत उभा राहून ओळी जुळवल्या!

थोड्या वेळात आत नेणार. शिरेवरचा गर काढतील. लघवीचं परत येईल का, माहीत नाही म्हणतात. पाऊल येईल का, माहीत नाही. तुम्ही आधी आला असतात तर, असं म्हणून डॉक्टर पुढे बोलत नाहीत.

आधी का गेलो नाही ते ऐक. पाच व्यायामांचा तो कागद मी एक दिवसही उघडला नाही. चाललोही नाही. व्यायामानं दुखणं गेलं असतं तर तुला बोलवायला माझ्याकडे काय उरलं असतं? दुखणं होतं म्हणून पत्र लिहिता येत होतं. ‘पाय दे’ म्हणता येत होतं. नुसतं ‘ये’ म्हणायचं तोंड मला नाही. शेवटी सहन होईना, तेव्हा दुसरीचा पाय मागितला.

आणि तोंड का नाही, हे तुलाही माहीत आहे. मी आजवर ते कधी कोणाजवळ उच्चारलं नाही. आत जायच्या आधी लिहितो.

तू चौदा वर्षांची होतीस. आमच्या शिफ्टचे फोरमन रामाजी आले. शर्ट काढून बाहेरच्या खोलीत सतरंजीवर पालथे झोपले. तू आतून म्हणालीस, “मी नाही देत.” तुझी आई दारात आडवी उभी राहिली. “पोरगी मोठी झाली, समजत नाही का तुमाले?” मी म्हटलं, “पंचफुला, पुण्याचं काम आहे.” आत येऊन तुझा दंड धरला. तू भिंतीला चिकटलीस. मी तुझ्या तोंडात मारली. एकच, पण पाच बोटं उठली. मग बाहेर आणलं. तू रडत पाय ठेवलास आणि रामाजी हसून म्हणाले, “जोरात दे बेटा, लाजून काय राहिली?” मी पण हसलो. नूतन, मी पण हसलो. मग त्यांना चहा दिला आणि शाळेतली एक कविता चालीवर म्हणून दाखवली.

त्यानंतर मी सतरंजी घातली की तू न्हाणीत जाऊन कडी लावायचीस. मी लोकांना सांगायचो, पोरीची परीक्षा आहे.

आणि तेच मी तेरवीला पुन्हा केलं. आणि तेच या जानेवारीत. कागदावर, मोठ्या प्रेमानं.

वॉर्डबॉय गाडी घेऊन आला आहे. पाय देऊ नकोस. कोणालाच. मी मागितला होता तो मागे घेतो. येण्याचं मी काहीच म्हणत नाही.

बाबा


वैशाली नगर
२६ फेब्रुवारी

नूतन,

तू दहाला आलीस, तेराला गेलीस. तीन दिवसांत आपण मोजून किती बोललो असू? “ताप आहे का,” “कूस बदला,” “पाणी.” मी शहाण्यासारखं एकही वाक्य लांबवलं नाही.

तू गेल्यानंतरची हकिगत अशी. नळी काढली. पहिल्या दिवशी काही नाही. मनकर्णाबाई नळ सोडून बसायच्या आणि बाहेरून ओरडायच्या, “झालं का भाऊ? का एखादी कविता म्हणू?” तिसऱ्या दिवशी झालं. पूर्ण नाही, जोर करावा लागतो, पण कळतं. बसायच्या जागेची अर्धी बाजू अजून बधिर आहे. पावलाला प्लास्टिकची पट्टी दिली आहे, बुटात घालायची, म्हणजे ते लोंबत नाही. व्यायाम करून घ्यायला मोना नावाची मुलगी येते. मराठी घरचीच, पण दोन शब्द मराठीचे झाले की हिंदीत जाते. “काकाजी, अंगठ्याकडे बघा. उसको बोलो, उठ.” मी रोज वीस वेळा बोलतो. तो उठत नाही. परवा कातडीखाली एक दोरी हलल्यासारखी वाटली. मोना म्हणाली तिलाही दिसली, पण ती चांगल्या मनाची आहे. वर्षभर लागेल म्हणते, आणि तरी किती येईल ते सांगता येत नाही.

रात्रंदिवस एक विचार डोक्यात फिरतो, की एकोणीस जानेवारीला उठून चाललो असतो तर. तो कोणाला सांगून उपयोग नाही, म्हणून तुलाही सांगत नाही.

हे पत्र त्यासाठी नाही. बारा तारखेची एक गोष्ट सांगायची आहे. तू खाली औषधं आणायला गेली होतीस. म्हणून लिहितो.

शेजारच्या खाटेवर ते दुर्गचे रेल्वेवाले होते ना, पाठीला पट्टा बांधलेले. त्यांची बायको सुजाता. मनकर्णाबाईंना तोंडाला कुलूप नाही, त्यांनी तिला सगळं सांगून टाकलं होतं. ती माझ्या खाटेपाशी आली, पदर नीट केला आणि हळूच म्हणाली, “भाऊ, तुमची मुलगी पायाळू आहे म्हणे. आता आलीच आहे तर आमच्या ह्यांच्या पाठीले एक डाव... पट्टा सोडते मी. सिस्टरबाई जेवायले गेल्या आहेत.”

मी म्हटलं, “नाही.”

“नुसता टेकवू द्या. भार नका देऊ म्हणा.”

“नाही म्हटलं ना.”

“तिले विचारून तर पाहा. ती नाही म्हणाली तर राहिलं.”

“तिले विचारायचंच नाही.”

“कावून पण? पुण्याचं काम आहे, भाऊ.”

हे तिनं तसंच म्हटलं, जसं मी म्हणत होतो. त्याच शब्दात. तिच्या नवऱ्यानं मान वळवून माझ्याकडे आशेनं बघितलं. त्या माणसाचं दुखणं किती आहे हे मला, त्या वॉर्डात मलाच, सर्वांत जास्त माहीत होतं. कोपरावर उठायला बघितलं, उठता आलं नाही. पडल्या पडल्याच म्हटलं, “बाई, डॉक्टरले न विचारता पाठीले कोणाचा पाय लावू नका, माझं काय झालं ते पाहा. अन् माझ्या पोरीले कोणी कधी पाय मागायचा नाही. तिनं लहानपणीच नाही म्हटलं होतं. मी ऐकलं नाही, तुम्ही ऐका.”

माझा आवाज चढला असावा. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. सुजाताबाई “एवढं काय मागितलं मी!” म्हणत डोळे पुसत गेली. वाईट वाटलं, पण परत बोलावलं नाही.

तेवढ्यात तू औषधांची पिशवी घेऊन वर आलीस. सगळे माझ्याकडे बघत होते. तू विचारलंस, “काय झालं, बाबा?”

मी म्हटलं, “काही नाही.”

ते खोटं होतं. हे झालं होतं.

बाबा